कावळ्यापुढचं भाषण

सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी कावळा शिवला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आपण असं धरून चालू, की कावळा अजून यायचा आहे, पिंड दगडावर तसाच आहे, वरचा भात वाळत चाललाय आणि चासवडच्या घाटावर चारएकशे माणसं आभाळाकडे तोंड करून बसली आहेत. मला तीच अवस्था जास्त आवडते. तोपर्यंत माझ्याविरुद्ध काही नव्हतं.

त्याच्या चार दिवस आधी सावळेराम हाडवळे माझ्या क्लासचा जिना चढून आले. धाकटा भाऊ जाऊन त्यांना सहा दिवस झाले होते. सुतकात कुणाच्या घरी जात नाहीत. पण क्लास म्हणजे घर नव्हे, असा निर्णय त्यांनी जिन्यातच घेतला असावा. गावातले सगळे त्यांना आबा म्हणत. दोनदा उपसरपंच झालेले, तिसऱ्यांदा पडलेले.

"बोऱ्हाडे सर, भाषण पायजे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"श्रद्धांजलीचं ना? आहेत माझ्याकडे. मनमिळाऊवालं आहे, अजातशत्रूवालं आहे."

"श्रद्धांजली बाकीचे वाहतील. मला कावळ्याशी बोलायचंय."

आमच्या भागाबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे माणूस भाषण करायला शिकतो तो दहाव्याला. घाटावर मंडप असतो, माईक असतो, गर्दी फुकट मिळते आणि उठून जाता येत नाही. निवडणुकीला उभं राहणारा प्रत्येक जण आधी वर्षभर दहावे करत फिरतो. त्यामुळे वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पंक्चरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, माझा वक्तृत्वाचा क्लास बरा चालला होता. दहाव्याचं सूत्रसंचालनही मीच करायचो. माणसं मरत होती आणि मला अनुभव मिळत होता.

क्लासची पाटी कोंडीभाऊंनी रंगवलेली. कोंडीभाऊ म्हणजे आबांचा हाच धाकटा भाऊ, आता गेलेला. गावातल्या सगळ्या पाट्या त्यांच्याच. मी कागदावर 'वकृत्व वर्ग' असं लिहून दिलं होतं. ते ब्रश दातात धरून बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सर, ह्यात अजून एक त लागतो. घालू का? त्याचं वेगळं काय घेत नाय."

तर त्यांच्या इच्छेचा प्रश्न होता. पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा पुरी झाली. नाही शिवला, तर काहीतरी मागे राहिलंय. मग घरचे एकेक करून पुढे होतात, हात जोडतात आणि मोठ्याने शब्द देतात. पोरीचं लग्न करीन, दारू सोडीन, आईला सांभाळीन. बरोबर शब्द मिळाला की कावळा येतो. नाहीच आला, तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. विधी पुरा होतो, पण गाव विसरत नाही.

"कोंडीची इच्छा तुम्हाला माहीतच हाय," आबा म्हणाले.

"तालुक्याला माहीत आहे."

रस्त्याकडचं एक एकर. दोघा भावांनी मिळून घेतलेलं. खरेदीखताच्या दिवशी कोंडीभाऊंची म्हैस व्यायला झाली, म्हणून आबा एकटेच कचेरीत गेले आणि सातबाऱ्यावर एकट्याचंच नाव लागलं. म्हशीला रेडकू झालं, ते तिसऱ्या दिवशी मेलं. नाव मात्र राहिलं. पुढची अकरा वर्षं कोंडीभाऊ भेटेल त्याला सांगत, "त्यातलं अर्धं माझ्या निकीचं." निकिता ही त्यांची एकुलती एक. फार्मसीच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या वीस गुंठ्यांवर तिने औषधाचं दुकान काढायचं, हे बापाने ठरवून टाकलं होतं. 'निकिता मेडिकल' अशी पाटीही रंगवून खाटेखाली ठेवलेली. पोरगी पास व्हायची होती, जागा नावावर व्हायची होती, पाटी वाळली होती.

"मग अडचण काय आहे, आबा? म्हणा की, देतो. कावळा येईल."

"आन् द्यायचं नसलं तर?"

मी टिपायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"सर, चारशे माणसांत 'देतो' म्हणलं की ते देणं व्हतं. माझ्या पोराला तिथं हाटेल टाकायचंय." ते पुढे वाकले. "शब्द असा लिहा, की कावळ्याला पटला पायजे आन् तलाठ्याला सापडला नाय पायजे."

मी तिथेच त्यांना जिना दाखवायला हवा होता, असं तुम्हाला वाटत असेल. मला तेव्हा वाटलं, काय सुंदर प्रश्न आहे. इतक्या वर्षांत इतकं अवघड भाषण माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

दोन दिवस मी त्या एका वाक्यावर बसलो. 'देऊ' नको, त्यात देणं आहे. 'विचार करू' म्हटलं तर कावळा शाळा शिकलेला नसला तरी त्याला कळेल. 'यथावकाश' सरकारी होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना वाक्य सापडलं आणि मी तोंडात फेस तसाच ठेवून ते लिहून काढलं:

'कोंडी, तू काळजी करू नकोस. जे निकिताचं आहे, ते निकिताचंच राहील.'

पुन्हा वाचून बघा. रडू येतं की नाही? आणि त्यात आहे काय?

आबांनी ते तीनदा वाचलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं माणूस चांगल्या डॉक्टरकडे बघतो.

"सर, तुम्ही इथं पंक्चरच्या दुकानावर काय करताय?"

वाक्य झालं, पण बोलणारे आबा होते. त्यांना प्रत्येक वाक्यानंतर 'काय' म्हणायची खोड. "माझा भाऊ गेला, काय. लहान होता माझ्यापरीस, काय." मी म्हटलं, आबा, काय काढा, कावळा विचारात पडेल. दुसरी खोड त्याहून वाईट. उपसरपंचपदाच्या दहा वर्षांत लोक सतत काहीतरी मागायचे आणि आबा ऐकायच्या आधीच म्हणायचे, "हो हो." आता कुणी बाजूला खोकलं तरी ते भाषण थांबवून "हो हो" म्हणत. ती खोड मला काढता आली नाही.

रंगीत तालीम खऱ्या कावळ्यांपुढे व्हावी, असा त्यांचा आग्रह. म्हणून आम्ही क्लासच्या गच्चीवर चपात्या ठेवून भाषण सुरू केलं. तिथले कावळे इतके निर्लज्ज, की आबा 'कोंडी' म्हणायच्या आत चपाती संपायची. एक कावळा तर त्यांच्या खांद्यावर बसू पाहत होता.

"हे चांगलं लक्षण हाय का?" आबांनी विचारलं.

"हे भुकेलेले आहेत, आबा. आपल्याला न भुकेलेला कावळा आणायचाय."

मग मी त्यांना विराम शिकवला. माझ्या क्लासचं सगळं भांडवल विरामावर. वाक्य म्हटल्यावर थांबायचं, लोकांना ते आत उतरवू द्यायचं. "ते निकिताचंच राहील, म्हणायचं आणि हात जोडून गप्प उभं राहायचं. मनात मोजायचं. एक म्हैस, दोन म्हशी, तीन म्हशी, चार म्हशी. मग खाली बसायचं." म्हशीचा हिशोब आबांना जमला.

त्याच संध्याकाळी निकिता आली. बापाचा जुना शर्ट, रंगाचे डाग पडलेला, तिने ड्रेसवरून घातला होता. ती दारातच उभी राहिली.

"सर, काकांचं भाषण तुम्ही लिहिलंय?"

"गुपित असतं ते."

"खाली पंक्चरवाल्या काकांना पाठ झालंय. त्यांनी म्हणून दाखवलं." ती आत आली. "जे निकिताचं आहे, ते निकिताचंच राहील. सर, निकिताचं काय आहे?"

मी टेबलावरचा खडू उचलून परत ठेवला.

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "मला शिकायचंय. तुम्ही सगळ्यांना शिकवता ना? मला पण तिथं बोलायचंय."

"घाटावर?"

"एकच वाक्य. पण माझा आवाजच निघत नाही. कॉलेजात ओळख करून द्यायची होती, तर नावच दोनदा सांगितलं आणि आडनाव गिळलं. अजून काही जणी मला निकिता निकिता म्हणतात."

तिने वहीतून कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: काका, माझ्या बाबांची अशी इच्छा होती, की रस्त्याकडच्या एक एकरातले वीस गुंठे माझ्या नावावर व्हावेत, तर तेच तुम्हाला म्हणायचं आहे का?

मी लाल पेन घेतलं. हे मला येत होतं. इच्छा काढली, एकर काढलं, गुंठे काढले, नाव काढलं. उरलं ते तिला वाचून दाखवलं.

"रस्त्याकडचं ना, काका?"

"एवढंच?"

"एवढंच. विनंती करायची नाही. ठरलेलंच आहे, आपण फक्त खात्री करतोय, अशा आवाजात. ह्याला एकतर हो म्हणता येतं, नाहीतर नाही. आणि दहाव्याला चारशे माणसांत पिंडापुढे नाही म्हणणारा माणूस अजून जन्मलेला नाही."

"पण बोलू कधी? मला मधे कोण बोलू देईल?"

"काका थांबतील. चार म्हशी."

"काय?"

मी तिला मोजायला शिकवलं. मग आवाज गळ्यातून नाही, पोटातून. तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि मी जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दहाव्यांदा पंक्चरवाला खालून ओरडला, "आलं ऐकू!"

तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. एकाच भाषणात मी काकाला पळवाट बांधून दिली होती आणि पुतणीला त्या वाटेवर उभं केलं होतं. वकिलाला दोन्ही बाजू घेता येत नाहीत. वक्तृत्वाच्या मास्तरला कोण विचारतो?

जाताना ती जिन्यात थांबली.

"सर, काका हो म्हणाले तर तुम्ही ऐकाल ना?"

"मी माईकपाशीच असणार आहे."

"माईकपाशी असाल ते माहितेय. ऐकाल ना?"

"ऐकीन," मी म्हणालो.

दहाव्याच्या दिवशी साडेसातलाच घाट भरला. मुंडण झालं, पिंड मांडले, प्रवचन झालं. कोंडीभाऊंना आवडायची म्हणून कुणी पिंडाशेजारी भेळ ठेवली, कुणी अर्धा कप चहा, कुणी ब्रश. मी माईकवर एकेकाला बोलावत गेलो. सोसायटीचे चेअरमन माझंच अजातशत्रूवालं बोलले. एका पुढाऱ्याचा प्रतिनिधी आला, तो दहा मिनिटं धोंडीभाऊंबद्दल बोलला आणि धोंडीभाऊंच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण करून पुढच्या दहाव्याला गेला.

कावळे समोरच्या बाभळीवर होते. सात. मी मोजले. ते आमच्याकडे पाठ करून बसले होते.

मग शब्द सुरू झाले. एक मित्र पुढे होऊन म्हणाला, "कोंडीभाऊ, देवळाचा कळस तू अर्धा सोडलास, मी पुरा करतो. ये." एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर बसला. त्याने जागा बदलली होती, मत नाही. निकिताची आई हिराबाई, तिला दोघींनी धरून आणलं. तिने पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाली, "मी रडायची नाय. तुम्ही जेवा." अख्ख्या मंडपात कुणी हललं नाही. कावळे पण नाही.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले. एक कुत्रं पिंडाकडे निघालं, त्याला चौघांनी हाकललं. गुरुजींना वरच्या घाटावर दुसरा दहावा होता. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पिशवीतून दर्भ काढला. त्यांची बोटं गाठ मारायला लागली, तशी गर्दीत कुजबूज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, म्हणा की काय ते! सगळ्यांना माहीतय!"

आबा उठले. टोपी काढली. मुंडण केलेल्या डोक्याने ते वेगळेच दिसत होते, कुणाचे तरी लहान भाऊ असावेत तसे. माईकवर आले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही 'काय' म्हणाले नाहीत. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गुणी विद्यार्थी. त्यांनी लहानपणी कोंडीला खांद्यावर घेऊन नदी ओलांडल्याचं सांगितलं. ते मी लिहिलेलं नव्हतं. मग आवाज खाली आणला, जसा शिकवला होता तसाच.

"कोंडी, तू काळजी करू नकोस. जे निकिताचं आहे, ते निकिताचंच राहील."

बायकांमधून हुंदका आला. आबांनी हात जोडण्यासाठी माईक माझ्या हातात दिला. एक म्हैस. दोन म्हशी.

"रस्त्याकडचं ना, काका?"

काय आवाज होता तो! पोटातून आलेला, सरळ, न थरथरणारा. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी चाललं होतं.

"हो," ते म्हणाले. "हो गं पोरी, तेच."

माईक माझ्या हातात होता, माझ्या छातीशी, खाली तोंड करून. आबा माझ्यापासून दोन हातांवर होते. ती खोड होती, की त्यांना त्या क्षणी खरंच द्यायचं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला वाटतं, द्यायचं होतं.

आणि बाभळीवरून कावळा सुटला.

"शिवला! शिवला!" चारशे माणसं एकदम उठली. पोरं पुढे धावली, म्हातारे हात जोडून उभे राहिले, हिराबाईने दिलेला शब्द मोडून टाहो फोडला. सगळ्यांचे मोबाईल कावळ्याकडे होते. त्याने आधी भेळ खाल्ली, मग पिंडावर चोच मारली. गुरुजींनी दर्भ परत पिशवीत ठेवला. आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, बसलं वाक्य."

गर्दीच्या पलीकडून निकिता माझ्याकडे बघत होती. मी तिला अंगठा वर करून दाखवला.

तेराव्याला आबांच्या ओसरीवर जेवणं झाली आणि निवडक मंडळी मागे बसली. सोसायटीचे चेअरमन, शाळेचे हेडमास्तर, सरपंच, निकिताचा मामा, मी. निकिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. विषय मामाने काढला.

"आबा, सगळं यवस्थित पार पडलं. आता एकदा कागदाचं बघून टाकू."

"कोणत्या कागदाचं?"

"रस्त्याकडच्या. तुम्ही शब्द दिला ना घाटावर."

"दिला की." आबा शांत होते. "काय दिला? जे निकिताचं आहे, ते निकिताचंच राहील. मंग? तिचं घर तिचं हाय. घरातली भांडी तिची. खाटेखालची पाटी तिची. कुणी हात लावला का? रस्त्याकडचं माझ्या नावावर हाय, ते माझं. ह्यात खोटं काय बोललो?"

हेडमास्तरांनी वाक्य मनातल्या मनात तपासलेलं दिसलं. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "वाक्य निर्दोष आहे."

मला त्याही क्षणी, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं.

"मी विचारलं होतं," निकिता म्हणाली. पोटातून. "रस्त्याकडचं ना, असं विचारलं. काका हो म्हणाले. हो गं पोरी, तेच, असं म्हणाले."

"कधी गं?" आबांनी विचारलं.

"कावळा शिवायच्या आधी."

"काहीतरीच. चारशे माणसांत कुणी ऐकलं?"

मामाने मोबाईल काढला. घाटावरचा व्हिडिओ सगळ्यांनी डोकी एकत्र करून पाहिला. त्यात बाभूळ होती, कावळा होता, वारा होता आणि 'शिवला शिवला' होतं. दुसरा व्हिडिओ पाहिला, त्यात भेळ जास्त स्पष्ट होती. पुढच्या रांगेतल्या बायकांना विचारावं, असं मामा म्हणाला. तर चेअरमन म्हणाले, बायका त्या वेळी रडत होत्या, रडताना काय ऐकू येतंय.

"सरांनी ऐकलं," निकिता म्हणाली. "सर तिथंच होते."

सगळे माझ्याकडे वळले. चेअरमनच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. हेडमास्तरांनी गॅदरिंगसाठी मला सांगून ठेवलं होतं. सरपंच माझ्या क्लासला होते, विरामापर्यंत आले होते. त्या ओसरीवर एक मामा आणि एक पोरगी सोडली, तर माझं सगळं आयुष्य मांडी घालून बसलं होतं. आबांनी धमकी दिली नाही. त्यांनी बुंदीचं ताट माझ्याकडे सरकवलं. "घ्या सर."

मी थांबलो. बोलण्याआधी थांबावं, हे माझंच शिकवणं. निकिताच्या ओठांकडे माझं लक्ष गेलं. ते हलत होते. ती मोजत होती. एक म्हैस, दोन म्हशी, तीन म्हशी.

चौथ्या म्हशीला मी म्हणालो, "आबांना जे लिहून दिलं होतं, तेच ते बोलले."

आवाज जराही कापला नाही. नजर समोर, खांदे सैल, शेवटचा शब्द स्पष्ट. इतकं चांगलं मी त्याआधी कधीच बोललो नव्हतो. आणि त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं, हे हेडमास्तरांनी मान हलवून मान्य केलं.

निकिता आत गेली. थोड्या वेळाने आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला.

घरात कुणी गेलं की पोरीचं लग्न वर्षाच्या आत करावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. आबांनी निकिताचं वर्षाच्या आत केलं, आणि थाटात केलं, हे शत्रूलाही मान्य करावं लागेल. फार्मसीचं दुसरं वर्ष अर्ध्यातच राहिलं. मुलाकडच्यांना नोकरी करणारी सून नको होती. सूत्रसंचालन मी केलं. मी नाही म्हणायला गेलो होतो, पण आबा म्हणाले, "तुमच्याशिवाय कोण?" आणि मलाही दुसरं नाव सुचलं नाही.

निघताना ती सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली. वाकली नाही.

"सर, त्या दिवशी आवाज पोटातून आला होता ना?"

"आला होता," मी म्हणालो. मास्तरच्या सवयीने. चांगल्या कामाला चांगलं म्हणावं.

"म्हणजे ऐकलं होतं तुम्ही."

गाडीचं दार लागलं. बँडवाल्यांनी काहीतरी सुरू केलं.

ह्याला नऊ वर्षं झाली. रस्त्याकडच्या एकरात आबांच्या मुलाचं हॉटेल आहे, पूर्ण एकरात. क्लास आता दोन मजली झाला. कावळा आणणारे सर म्हणून मला चार तालुक्यांतून बोलावणं येतं. आबा गेल्या वर्षी वारले. चेअरमन आणि हेडमास्तर त्यांच्या आधी. तिघांच्याही दहाव्याला मी बोललो. आबांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. पहिल्या मिनिटाला. त्यांची कोणतीच इच्छा मागे राहिलेली नव्हती.

त्यामुळे खालचा अर्ज नेमका कुणाकडे करायचा, हे मला कळत नाही. पोचही मिळणार नाही. तरी नमुन्याप्रमाणे करून ठेवतो.

प्रति,
मा. उपस्थित मंडळी (हयात व मयत),
सावळेराम हाडवळे यांची ओसरी, मु. पो. चासवड.

विषय : तेराव्याच्या दिवशी दिलेल्या उत्तरात दुरुस्ती होणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, सदर दिवशी जेवणानंतर अर्जदारास विचारण्यात आलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना अर्जदाराकडून चूक झालेली आहे. तरी 'आबांना जे लिहून दिलं होतं, तेच ते बोलले' याऐवजी 'हो, ऐकलं' असे वाचण्यात यावे, आणि सदर दुरुस्ती त्याच दिवसापासून अमलात आली असल्याचे समजून पुढील सर्व नोंदी, लग्नासह, त्याप्रमाणे बदलण्यात याव्यात, ही नम्र विनंती.